हुमणी आणि भूकंपघर

आमच्या पार्कातल्या रोलर कोस्टरला मालकांनी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. प्रवेशद्वारावर ते आगीच्या ज्वाळांसकट रंगवलेलंही होतं, पण ते कधी कुणाच्या तोंडात बसलं नाही. गाडीचे डबे पांढुरके आणि गुबगुबीत, पुढचं तोंड तपकिरी, आणि वळणावर गाडी अर्धी गोल व्हायची. आमच्याकडं येणारं निम्मं गिऱ्हाईक ऊसवालं. पार्क सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रांगेतला कुणीतरी शेतकरी तिच्याकडं बघत म्हणाला, "ही तर हुमणी हाय." उसाची मुळं कुरतडणारी ती अळी. तिला शिव्या घालत ज्यांचा जन्म गेला, ती माणसं पोराबाळांना घेऊन हौसेनं तिच्या पाठीवर बसायला लागली. मालकांना सुरुवातीला राग यायचा. पुढं तेही हुमणीच म्हणायला लागले.

माझं काम माईकवर बोलण्याचं. लग्न होऊन मी कराडला आले, घरात बसून करमेना, आणि हायवेलगतच्या या पार्काच्या फाटकावर 'स्पष्ट आवाजाची बाई पाहिजे' अशी पाटी दिसली. मुलाखतीत मालकांनी एकच प्रश्न विचारला, "माईक बंद पडला तर लांब ऐकू जाईल का?" मी कोयनानगरची. आमच्या तिकडं या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची पद्धत. मी म्हटलं, जाईल. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

हुमणीच्या शेजारी मला एक पत्र्याची केबिन होती. बेल्ट घट्ट आवळा, टोपी हातात धरा, चप्पल खाली काढा, उभं राहू नका. दिवसभर तेच. पुढं त्यात दातांच्या कवळीची भर पडली, कारण इस्लामपूरकडच्या एका आजोबांची कवळी दुसऱ्या वळणावर हसता हसता उडाली आणि शेजारच्या उसात पडली. आमच्या चाचांनी ती पाऊण तास शोधून काढली, धुतली आणि आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती बसवली आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले.

चाचा म्हणजे पार्कातले फिटर. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कराडात सोमवार पेठेतलं घर, पांढरी दाढी, आणि खिशात कायम एक पाना. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी ते हुमणीवरून एकटे एक फेरी मारायचे. आम्ही खालून बघायचो. गाडी उतारावरून धडधडत यायची आणि चाचा पोटावर हात बांधून, एसटीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसासारखे शांत बसलेले असायचे. एकदा तर मला वाटलं, डोळा लागलाय.

अशी ती हुमणी पुष्कळ वर्षं चालली. मग लोक बदलले, किंवा लोकांनी मोठी पार्कं बघितली. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरच्या पार्कात म्हणे माणसाला उलटं टांगतात. मोबाईलवर तर जगातले सगळे रोलर कोस्टर बसल्या जागी दिसायला लागले. आमची हुमणी दोन चढ चढायची, तीन वळणं घ्यायची आणि जागेवर यायची. एका सहलीतली चौथी-पाचवीतली मुलगी गाडी थांबल्यावर बसूनच राहिली. तिला वाटलं, अजून सुरू व्हायचीय. मी माईकवरून उतरायला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "झालं?"

मालक तेव्हा माझ्या केबिनपाशी चहा पीत उभे होते. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

त्यातच चाकांचं दुखणं निघालं. हुमणीची चाकं झिजली होती आणि चाचांनी बरेच दिवस मालकांच्या मागं लकडा लावला होता. मालकांनी फोन लावले. शेवटी कळलं, हुमणी बनवणारी कंपनीच बंद झालीय आणि तिच्या जागेवर आता फ्लॅट आहेत.

"दुसरीकडनं घडवून घेता येतील का?" मालकांनी विचारलं.

"घडवीन म्हटलं तर घडतील," चाचा म्हणाले. "पण त्यात माणसं बसवायला मी सांगणार न्हाई."

दिवाळीची सुट्टी संपली की हुमणी थांबवायची असं ठरलं. शेवटच्या रविवारी गर्दी उसळली. बंद होणार म्हटल्यावर लोकांना तिचं प्रेम फुटलं. ज्यांनी आधी नाकं मुरडली होती तेही फोटो काढत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर मालक स्वतः पुढच्या डब्यात जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते तिच्यावर एकदाही बसले नव्हते. उंचीला भितात हे पार्कात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"चाचा, जरा हळू सोडा."

"मालक, हळू सोडायचं बटण न्हाई ह्याला."

गाडी सुटली. मालकांनी टोपी छातीशी धरली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. फेरी संपून गाडी जागेवर थांबली तरी ते डोळे मिटूनच होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "मालक, आलं." तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला आणि खाली उतरून गाडीच्या तपकिरी तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी डब्यांवर निळी ताडपत्री पडली.

मालकांना रिकामी जागा सोसत नाही. आठवड्याभरात ते नवीन कल्पना घेऊन आले. कुठल्याशा शहरात त्यांनी एक खोली बघितली होती. माणसं आत बसतात, खोली हलते, भांडी पडतात, भूकंप झाल्यासारखं वाटतं. यंत्र सगळं जमिनीखाली.

"आपल्याला भूकंप काय नवीन हाय व्हय?" मालक म्हणाले. "कोयना आपली, भूकंपबी आपलाच. भायेरच्या मानसानं खोली हलवायची आन आपुन बघत बसायचं, ह्ये मला पटत न्हाई. तू तिकडचीच की गं. तुला काय वाटतंय?"

मला काय वाटावं. आमच्या कॉलनीत भूकंप म्हणजे पाहुण्यांसारखा, कधीही टपकणारा. खिडक्या थरथरल्या की शेजारपाजारचे अंगणात यायचे आणि पहिलं वाक्य असायचं, "किती असंल?" कुणी म्हणायचं तीन, कुणी साडेतीन. रेडिओवर आकडा आला की ज्याचा बरोबर आला तो दोन दिवस मान ताठ करून फिरायचा. माझ्या आईला तर त्यातली आपण दर्दी आहोत असं वाटायचं. तिचा आकडा क्वचित बरोबर यायचा, पण ती म्हणायची, रेडिओवाल्यांनी चुकीचा सांगितला.

हुमणीच्या रुळांशेजारी भूकंपघर उभं राहिलं. सजावट करायला मालकांनी कोल्हापूरचा एक माणूस आणला. त्यानं आत मखमली सोफा ठेवला, छताला झुंबर टांगलं, भिंतीला खोट्या माशांची काचपेटी लावली. मालक मला आत घेऊन गेले.

"असलं घर तिकडं कुणाचं असतंय?"

"कुणाचंच नाही," मी म्हटलं.

"मग आईला घिऊन ये. कसं पायजे ते तीच सांगंल."

आई एकटी येणार नव्हती. तिच्याबरोबर मावशी आली, आणि दोघींना सोबत म्हणून मामा आला. मामा लष्करातून सुभेदार होऊन परतलेला. तिघं पाटणवरून एसटीनं आली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात डबा होता. मोठ्या माणसाकडं सल्ला द्यायला रिकाम्या हातानं कसं जायचं, असं तिचं म्हणणं. डब्यात नाचणीच्या भाकरी आणि खर्डा होता. मालकांनी तिथंच उभ्या उभ्या एक भाकरी खाल्ली.

मग आई खोलीत शिरली आणि तिनं घर आवरायला घेतलं. झुंबर काढा म्हणाली. घड्याळ दारावर होतं, ते समोरच्या भिंतीवर न्यायला सांगितलं, कारण बाहेर जाणाऱ्याच्या डोक्यात पडेल. सोफा काढून लोखंडी खाट आली. मांडणी आली, तिच्यावर स्टीलचे डबे आणि पितळी ताटं. "आन पान्यानं भरलेला एक तांब्या ठेवा," आई म्हणाली. "आदी पानी हलतंय."

"पानी न्हाई," मावशी म्हणाली. "आदी कुत्री वरडत्यात."

"दोन्ही न्हाई," मामा म्हणाला. "आदी जमिनीतनं आवाज येतोय. गुडगुड गुडगुड. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपात मी स्वतः ऐकलाय."

"तू पाळण्यात हुतास," आई म्हणाली.

"पाळणा आपोआप हलत हुता. मला चांगलं आठवतंय."

मालक तिघांकडं आळीपाळीनं बघत होते. "आवाजाचं करू," ते म्हणाले. "कुत्र्यांचं बघू."

चाचांना आवाजाचं काम मिळालं. त्यांनी काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. कारखान्यातून एक रिकामं लोखंडी पिंप आणलं, त्यात दगड घातले, लाकडी फळ्यांवरून ते हळूहळू गडगडवलं आणि मोबाईलमध्ये तो आवाज धरून घेतला. मोठा स्पीकर जमिनीखाली बसवला. पुढच्या आठवड्यात तिघांना परत बोलावलं. यावेळी डब्यात पुरणाच्या पोळ्या होत्या.

आई आणि मावशी खाटेवर बसल्या. मामा दाराशी उभा राहिला. मालक आणि मी भिंतीला टेकलो. बाजूच्या छोट्या केबिनमध्ये चाचा बटणांपाशी होते.

आधी आवाजाशिवाय हलवून बघितलं. खाट हलली, ताटं वाजली.

"ह्यो वाळूचा डंपर गेला," आई म्हणाली.

"तीन असंल," मावशी म्हणाली.

"अडीच. जास्त न्हाई. चाचा, किती हुता ओ?"

केबिनमधून चाचांचा आवाज आला, "ह्याच्यावर आकडा न्हाई, ताई. नुसतं लहान, मध्यम, मोठा एवढंच लिवलंय."

दोघींची चांगलीच निराशा झाली. मावशीनं तर असल्या यंत्राचा उपयोग काय, असं विचारलं. थोडं वाढवून बघितलं. एक डबा पडला. मामानं सांगितलं की हलण्याची दिशा चुकलीय, धरणाकडून गावाकडं पाहिजे. मावशी म्हणाली, खालून वर उचलतं. आई म्हणाली, तसं काही नसतं. सगळे हसत होतो. मालक पोळी खात होते.

आणि मग चाचांनी, कुणालाही न सांगता, तो आवाज लावला.

तो आवाज मला माझ्या पायातून ऐकू आला. लहानपणी अभ्यासाला बसलेली असताना यायचा तसाच, लांबून, जड, जमिनीच्या पोटातून. मी आईकडं बघेपर्यंत ती उठली होती. तिनं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मावशीला खाटेवरून उठवलं आणि आम्हाला दाराबाहेर ढकललं. मामा आमच्या आधीच बाहेर होता. पुढं त्यानं सांगितलं की तो वाट मोकळी करायला गेला होता.

आई परत आत गेली. मालक हातात पोळी घेऊन तसेच उभे होते. मालक सहा फुटी, आई त्यांच्या खांद्याला लागत नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चल बाळा, ऊठ, भायेर चल." आणि मालक निमूटपणे, अनवाणी, तिच्यामागून बाहेर आले.

बाहेर आल्यावर तिनं वर बघितलं. डोक्यावर हुमणीचे रूळ होते. "ह्याच्या खाली न्हाई," ती म्हणाली आणि आम्हा सगळ्यांना पुढं घालून पार गाड्या लावायच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेली. तिथं तिनं आम्हाला एका जागी उभं केलं आणि बोट दाखवत मोजलं. मग परत मोजलं. एक कमी भरत होता.

"त्यो म्हातारा कुठाय?"

तिनं अशी हाक मारली की पाण्याच्या घसरगुंडीवरची पोरं गप्प झाली. चाचा केबिनमधून धावत आले आणि मुकाट आमच्या रांगेत उभे राहिले. आईनं पुन्हा मोजलं. आता बरोबर भरले. तेव्हा तिनं श्वास सोडला.

मग तिचं लक्ष आजूबाजूला गेलं. समोर कोलंबसचं जहाज झुलत होतं, त्यातल्या बायका आनंदानं किंचाळत होत्या, आईस्क्रीमवाला तिच्याकडं बघत होता. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. मावशीही हसली. आम्ही सगळेच हसलो. हसता हसता आई कडेच्या दगडी कठड्यावर बसली.

"मी आठ-नऊ वर्सांची आसंन," ती मग म्हणाली. मालक तिच्यासमोर उकिडवे बसले होते. "आईनं आमाला आसंच भायेर काडलं, आन मोजलं. उजाडंपातूर मोजत हुती ती. आमी समदी हुतो. तरी मोजायची. शेजारच्या घरातलं मोजमाप जुळलं न्हाई."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मोठ्या भूकंपाच्या गोष्टी आमच्या घरात खूप व्हायच्या, पण त्या सगळ्या गमतीच्या: कोण धोतर सोडून पळालं, कुणाची म्हैस देवळात जाऊन बसली. मावशीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला हे माहीत होतं, हे उघड होतं.

मालकांनी सगळ्यांना चहा मागवला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "आई, ह्ये आमी बंद करू का? मला ठावं नव्हतं."

"बंद कशाला?" आई म्हणाली. "चांगलं झालंय की. लोकांला कळू द्या कसं आस्तंय. फक्त दार ल्हान हाय. दार मोठं करा."

मालकांनी दार मोठं केलं. दोन फळ्यांचं, बैलगाडी जाईल एवढं. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

सुरुवातीचे पाहुणे पुण्याकडचे होते, गोव्याला जाताना वाटेत थांबलेले. ते आत बसले, हलले, ओरडले, व्हिडिओ काढले आणि खूश होऊन गेले. मालक भूकंपघराच्या दारात उभे राहून मिशीवरून हात फिरवत होते. मग पाटणकडच्या एका शाळेची सहल आली. मुलं खाटेवर, जमिनीवर बसली. मी माईकवरून सूचना दिल्या. चाचांनी आवाज लावला. तो आवाज सुरू होताच आख्खा वर्ग उठला, डोक्यावर दप्तरं धरली, एकामागून एक त्या मोठ्या दारातून बाहेर आला आणि मैदानात रांगा करून उभा राहिला. बाईंनी हजेरी घेतली. खोली मागं एकटीच हलत होती. ताटं पडली, घड्याळ पडलं, बघायला कुणी नव्हतं.

"छान," बाई मुलांना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आमची शाळेत दर महिन्याला तालीम असते." परत आत जायला मात्र एकही मूल तयार झालं नाही.

त्यानंतर हे रोजचंच झालं. पाटण, कोयना, कराड, जिकडची म्हणून आपली माणसं यायची, ती आवाज झाला की उठून बाहेर. आतली बाहेर पळाली की रांगेतलीही त्यांच्यामागं पळायची. सगळा लोंढा मैदान ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन थांबायचा. टपरीवाल्यानं दुसरा स्टोव्ह आणला. मालक कमरेवर हात ठेवून बघायचे.

"तिकीट भूकंपाचं काडत्यात आन चहा पिऊन जात्यात," ते म्हणाले.

त्यांच्या सांगण्यावरून मी नवी सूचना सुरू केली. कृपया बसून राहावे, हा खरा भूकंप नाही. काही उपयोग झाला नाही. हेळवाकचे एक आजोबा टपरीवर बशीतून चहा पीत होते. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, मी सांगत होते की, खरा नाही म्हणून."

"आमाला कळतंय बाई," ते म्हणाले. "पायांला कळत न्हाई."

कळस झाला तो उन्हाळ्यात. दुपारची वेळ होती, उन्हानं पार्क रिकामा होता, भूकंपघर बंद होतं आणि चाचा टपरीवर बसले होते. तेवढ्यात जमिनीतून गुडगुड आली आणि माझ्या केबिनचा पत्रा खडखडला. पार्कातली होती नव्हती ती सगळी माणसं थांबली आणि चाचांकडं बघायला लागली. चाचांनी चहाचा ग्लास वर उचलून दाखवला.

"मी हितं हाय," ते म्हणाले. "ह्यो वरिजनल हाय."

मी आईला फोन लावला. तिनं नमस्कार, खुशाली काही न विचारता आधी सांगितलं, "साडेतीन." त्या दिवशी रेडिओवाले दोन पूर्णांक नऊ म्हणाले. आईनं त्यांचं ऐकलं नाही.

भूकंपघराचं काय करायचं या विचारात मालक असताना एक बाई भेटायला आल्या. त्यांची संस्था शाळाशाळांतून मुलांना आपत्तीत काय करायचं ते शिकवायची. त्यांना यंत्र चालताना बघायचं होतं. मालकांचा चेहरा पडला. नेमकी तेव्हा आत उंब्रजची एक मोठी यात्रेकरू मंडळी बसली होती. आवाज झाला, मंडळी उठली, म्हाताऱ्या बायकांना मध्ये धरून, पोरांना कडेवर घेऊन दारातून बाहेर पडली आणि मैदानात जाऊन उभी राहिली. मालक मान खाली घालून उभे होते.

"हे असंच होतं का दर वेळी?" बाईंनी विचारलं.

"असंच हुतंय," मालक म्हणाले. "आमी लय सांगितलं त्यास्नी."

"अहो, आम्हाला हेच पाहिजे," बाई म्हणाल्या.

महिन्याभरात यंत्र, खाट, मांडणी, चाचांचा आवाज सगळं त्यांच्या ट्रकमधून गेलं. मालकांनी जाताना घड्याळ कुठं लावायचं नाही तेही सांगितलं. त्या खोलीत आता बर्फघर आहे. खोट्या बर्फात सांगलीची माणसं भाड्याचे कोट घालून एकमेकांवर गोळे फेकतात, आणि कोट परत करा असं मी माईकवरून सांगत असते. बरं चालतं ते. लोक आत गेले की आतच राहतात.

राहिली होती हुमणी. दोन पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी होती. खांबांवर गारवेल चढली होती आणि वरच्या वळणावर साळुंक्यांनी घरटं केलं होतं. सांगलीहून भंगारवाले येऊन जायचे, पान्यानं रुळांवर ठोकायचे, आकडा सांगायचे, आणि मालक प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवायचे. विकायची होती त्यांना, पण ज्यानं ती तोडायचं नाव काढलं त्याला विकायची नव्हती. असा भंगारवाला मिळणं अवघड होतं.

शेवटी रूळ आणि खांब गेलेच. भंगारवाले दिवसभर कापत होते. मालक त्या दिवशी कामावर आले नाहीत. चाचा मात्र शेवटपर्यंत उभे होते, कापणाऱ्यांना आधी कुठला बोल्ट सोडा म्हणजे वरचं अंगावर येणार नाही ते सांगत. साळुंक्यांची पिल्लं तोवर उडून गेली होती, हे त्यांनी आधी शिडीवर चढून बघितलं होतं.

डबे मात्र भंगारात गेले नाहीत. मिरजेच्या बाजूला एका शेतकऱ्यानं हुरडा पार्टीचं ठिकाण केलंय. तो पार्कात येऊन डबे बघून गेला आणि त्यानं मालकांना विचारलं, "रूळ नकोत मला. नुसती गाडी द्याल का?" मालकांनी त्याला जेवायला घातलं आणि डबे दिले.

या थंडीत आम्ही तिकडं गेलो. मी, आई, मावशी आणि चाचा. चाचांना न्यायचं कारण एवढंच, की त्यांनी बेत ठरायच्या आधीच दोनदा विचारलं होतं, कधी निघायचंय. शेतकऱ्यानं डब्यांना खाली रबरी टायर बसवले होते आणि पुढं ट्रॅक्टर जोडला होता. उसातल्या गाडीवाटेनं ती रांग सपाट जमिनीवरून चालली होती. ना चढ, ना उतार. डब्यांना आता तोंडापासून शेपटीपर्यंत पिवळा रंग दिलेला, पण उसाच्या फडातून वळताना ती जशी दिसायची तशीच दिसली. बांधावर बसलेल्या दोन बायका हसत होत्या आणि तिच्याकडं बोट दाखवून एकमेकींना काहीतरी सांगत होत्या.

मी पार्कात इतकी वर्षं असताना आई हुमणीवर कधी बसली नव्हती. मला कुणी वर फेकून खाली झेलायला नको, असं म्हणायची. इथं मात्र ती आणि मावशी पुढच्या डब्यात कोण बसणार यावरून वाद घालून शेवटी दोघीही पुढं बसल्या. मी मागच्या डब्यात. चाचा खालीच वाकून टायर बघत होते. बोटानं नट दाबून बघितले, एका ठिकाणी ग्रीस कमी आहे म्हणाले आणि शेतकऱ्याला डबा आणायला लावला.

"झालं का तुमचं?" आईनं वरून विचारलं.

"एकच राहिलंय, ताई."

वाटेत समोरून उसाची भरलेली ट्रॉली आली होती आणि आमचा ट्रॅक्टर तसाही थांबला होता. ड्रायव्हर उतरून तिला वाट करून देत होता. शेतकऱ्याच्या बायकोनं गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पानावर घालून आणली. मावशीनं ते आईच्या आधी घेतलं. आईनं शेजारची जागा झटकली, पदर सारून घेतला आणि म्हणाली, "बसा की आता, चाचा. गार व्हतंय."

चाचांनी पाना खिशात घातला, हात पायजम्याला पुसले आणि चढून बसले.